हायड्रोजन : माल हलका, बारदान जड

पाण्यापासून हायड्रोजन काढणाऱ्या कारखान्यात भागीदारी घ्या, असे सांगणारे एक गृहस्थ गेल्या वर्षी आमच्या पेढीवर आले होते. पाणी फुकट म्हणजे माल फुकट, हा त्यांचा हिशेब. इतर व्यापारी बांधवांपुढेही असा प्रस्ताव येऊ शकतो, म्हणून हा विषय आम्ही जरा वाचून काढला.

पहिली गोष्ट, पाणी हे इंधन नव्हे. त्यातून एक किलो हायड्रोजन वेगळा करायला सुमारे ५० ते ५५ युनिट वीज लागते आणि त्या किलोत ऊर्जा असते ३३ युनिट. सौदा सुरुवातीलाच घाट्याचा. तरी तो करतात, कारण दुपारी उरलेली सूर्याची वीज अशा रूपाने पुढच्या वापरासाठी ठेवता येते.

खरी मेख या ठेवण्यातच आहे. वजनाला पाहाल तर हा माल पेट्रोलच्या पावणेतीन पट ताकदीचा. पण साध्या दाबाला एका किलोला ११ हजार लिटरहून अधिक जागा लागते. म्हणून कापसाची गाठ दाबतात तसा तो दाबावा लागतो. जपानच्या टोयोटाने २०१४ साली आणलेल्या मिराई मोटारीत हवेच्या दाबाच्या ७०० पट दाबाने सुमारे ५ किलो वायू भरत. टाक्यांचे वजन मात्र ८७ किलो! पाच किलो मालाला एवढे बारदान कोणता कापडवाला सोसेल? द्रव करावा, तर उणे २५३ अंशांपर्यंत थंड करण्यातच जवळजवळ तिसरा हिस्सा ऊर्जा जाते.

संशोधकांनी धातूचीही वाट धरली. लँथेनम-निकेलचा मिश्रधातू हायड्रोजन शोषून घेतो, गरम केला की परत देतो. बनारस हिंदू विद्यापीठात प्रा. ओंकारनाथ श्रीवास्तव (निधन २०२१) यांच्या गटाने धातूच्या अशा टाकीवर मोटारसायकल चालवून दाखवली. जोखीम कमी, पण शंभर किलो मिश्रधातूत जेमतेम दीड किलो वायू मावतो. मॅग्नेशियम त्याच्या पाचपट घेते; मात्र सोडताना ३०० अंशांच्या आसपास उष्णता मागते.

खतांचे व तेलशुद्धीकरणाचे कारखाने आजही बहुतेक हायड्रोजन नैसर्गिक वायूपासून आपल्याच आवारात बनवून तिथेच खपवतात, ते उगीच नाही. केंद्र सरकारने जानेवारी २०२३ मध्ये १९,७४४ कोटी रुपयांचे राष्ट्रीय हरित हायड्रोजन अभियान मंजूर केले, त्यातही हीच मोठी गिऱ्हाइके धरली आहेत.

आमच्याकडे आलेल्या गृहस्थांच्या कागदांत यंत्रांची किंमत होती. विजेचा दर आणि गिऱ्हाईक किती लांब, हे दोन्ही नव्हते. ते आम्ही लिहून मागितले आहे. पैसे तोवर दिलेले नाहीत.