दिवाळीनंतरचे पालक

चि. पोरीस,


बीडच्या डोंगरपट्ट्यातल्या शाळेवर रुजू झालीस, कळलं. एक ध्यानात ठेव: ही शाळा दिवाळीपर्यंत एक असते आणि दिवाळीनंतर दुसरीच. धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार या भागांतून ऑक्टोबर-नोव्हेंबरात ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाची आगाऊ उचल अंगावर असते, त्यामुळे पट्टा पडेपर्यंत, म्हणजे मार्च-एप्रिलपर्यंत, परतायची सोय नाही. काही मुलं आईबापाबरोबर कोपीवर, म्हणजे फडाजवळच्या झोपडीत, जातात. जी गावात राहतात त्यांचे पालक एका रात्रीत बदलतात: साठी ओलांडलेली आजी, मोतीबिंदू झालेले आजोबा, नाहीतर स्वतःच्या दोन लेकरांनी आधीच जेरीस आलेली चुलती.

शाळा मात्र या माणसांना बदलीवर आलेलं समजते. गृहपाठ झाला नाही की वर्गातून हुकूम सुटतो, "उद्या आईला घेऊन ये." आई सांगली-कोल्हापूरकडे उसाच्या फडात, नाहीतर थेट कर्नाटकात. पोरगं दुसऱ्या दिवशी शाळेतच येत नाही. खरं तर २००९च्या शिक्षण हक्क कायद्यात ज्याच्याकडे मुलाचा सांभाळ तो पालक. शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सदस्य आईवडील किंवा असे पालक हवेत आणि एकूण सदस्यांत निम्म्या बायका. तेव्हा एखाद्या आजीला समितीत घ्यायला कायद्याची आडकाठी नाही. आडकाठी असते ती आपल्या सवयीची.

आजीच्या दिवसाकडे जरा जवळून पाहावं. पाणी, चूल, शेरडं, आणि मध्येच रेशन. दुकानातल्या यंत्रावर तिचा अंगठा उमटत नाही. आयुष्यभर खुरपं धरून बोटांच्या रेषाच झिजलेल्या. दोनदा, तीनदा दाबून पाहायचं, मग "उद्या या." अशा दिवशी नातवाचा पाढा चुकला म्हणून ती धपाटा घालते, आणि रात्री स्वतःच रडते. "लेकरू वाळलं तर सून काय म्हणेल?" ही धास्ती तिला सहा महिने झोपू देत नाही. तिच्यावर तोंडसुख घेण्याआधी शिक्षिकेनं गुडघ्यांची चौकशी करावी. पहिली दहा मिनिटं तिच्या दुखण्याची, मग नातवाच्या वाचनाची. अंगठा उमटत नसेल तर दुसरं बोट लावून पाहायला सांगावं. तरीही जमत नसेल, तर आधारचे ठसे नव्याने घ्यायला तिच्याबरोबर कुणीतरी जावं. एकटी ती जाणार नाही.

फोनचं दुखणं वेगळंच. फडावरची माणसं पहाटे तीन-चारला उठतात. ट्रॅक्टर भरायला कधी येईल याचा नेम नाही. "आज आईचा फोन येईल" असं आजीनं सांगितलं आणि तो आला नाही, की पोराचा सारा राग तिच्यावर निघतो. मोघम का होईना, "भरणी नसेल त्या रात्री येईल" एवढंच सांगावं, हे तिला समजावून दे. अभ्यासाचंही तिला सांग: मुलानं धडा मोठ्यानं वाचायचा आणि तिनं चुलीपाशी ऐकायचं, हाही अभ्यासच. ऐकायला अक्षरओळख लागत नाही.

गावात मागे राहणाऱ्या मुलांसाठीच्या हंगामी वसतिगृहाचं काम तुझ्याकडे येणारच. नावाला वसतिगृह, पुष्कळ गावांत मुलं झोपायला घरीच असतात, मिळतं ते सकाळ-संध्याकाळचं जेवण. पण भाकरीची ती चिंता मिटली की म्हातारी निम्मी हलकी होते. मंजुरी उशिरा येते, ही ओरड दरवर्षीची. म्हणून स्थलांतर करणाऱ्या घरांची यादी सप्टेंबरातच घरोघर जाऊन करावी, आणि त्यात मुलाच्या नावापुढे मागे राहणाऱ्या माणसाचं नाव, वय, आजार, शेजारचा फोन नंबर लिहावा. सरकारी नमुन्यात हा रकाना नसेल. आपल्या वहीत असू दे.

आठवी-नववीतल्या मुलींकडे जास्त लक्ष दे. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात बीड जिल्ह्यातल्या २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी ४० टक्क्यांहून अधिक जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं दिसलं. आईबाप वाईट असतात म्हणून हे होतं, असं मला वाटत नाही. वयात आलेली पोर म्हाताऱ्या आजीच्या भरवशावर टाकून जायची त्यांना भीती वाटते. त्या भीतीवर भाषण चालत नाही. शाळेत जाता-येता मुलींची सोबत, रात्री दोन घरांच्या मुलींनी एका आजीकडे झोपणं, अशी सोय गावातल्या बायकांशी बोलून लागते. तरीही लग्न ठरल्याची कुणकुण लागली, तर ग्रामसेवक (आता ग्रामपंचायत अधिकारी) हेच गावातले बालविवाह प्रतिबंधक अधिकारी. आणि १०९८ हा मुलांसाठीचा मदतीचा क्रमांक रात्रीही लागतो. आजीचंच मन फार खचलेलं दिसलं तर टेली मानस या मानसिक आरोग्याच्या मदतसेवेचा १४४१६ लावून दे. मराठीत बोलतात, पैसे पडत नाहीत. पहिल्यांदा फोन तूच लाव, आणि ती बोलायला लागली की जरा बाहेर जाऊन उभी राहा.

ज्या मुलाची आई किंवा वडील फडावर किंवा आजारपणात वारले असतील, त्याच्यासाठी बालसंगोपन योजनेचा अर्ज जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात करायचा असतो. मृत्यूचा दाखला, आधार, बँकेचं पासबुक आधी गोळा कर. एका कागदासाठी आजीला दोनदा बीड गाठायला लावू नकोस; त्या दिवशी शेरडं कुणी सांभाळायची, हा तिचा प्रश्न खरा असतो.

तुझे,
गुरुजी