देवभक्त मुले कॉपी करत नाहीत?

प्रश्न : माझा भाचा रोज अथर्वशीर्ष म्हणतो, परीक्षेला निघताना देवाला हात जोडतो. यंदा कॉलेजात तो कॉपी करताना सापडला. देवाधर्माचे वळण असूनही असे का व्हावे?

उत्तर : श्रद्धेमागून प्रामाणिकपणा आपोआप येतो, असे आपण धरून चालतो. कोडे पडते ते तिथेच.

अमेरिकेत ह्यू हार्टशॉर्न आणि मार्क मे यांनी हे हजारो शाळकरी मुलांवर तपासले. सोडवलेल्या उत्तरपत्रिकांची त्यांनी गुपचूप नक्कल करून ठेवली आणि मग उत्तरसूची देऊन ज्याची त्याला तपासायला लावली. कोणी उत्तरे बदलली, ते नकलेवरून कळे. निष्कर्ष १९२८ साली छापले गेले : रविवारच्या धर्मवर्गाला नियमित जाणारी आणि क्वचित जाणारी मुले यांच्यात फारसा फरक नव्हता. शिवाय एका परीक्षेत फसवणारे मूल दुसरीकडे सरळ वागे. म्हणजे प्रसंग बदलला की वागणेही बदलत होते.

मग ऐन वेळी धर्माची आठवण करून दिली तर? बायबलमधील दहा आज्ञा आठवायला सांगितलेले विद्यार्थी लबाडी करत नाहीत, असा एक प्रयोग २००८ मध्ये गाजला. आजही तो पुष्कळदा सांगितला जातो. पण अनेक प्रयोगशाळांनी तोच प्रयोग पुन्हा केला, तेव्हा तसा परिणाम दिसला नाही. हे निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले.

कॉलेजातल्या मुलांवर खरा प्रभाव सोबत्यांचा. डोनाल्ड मकेब आणि लिंडा ट्रेव्हिनो यांनी १९९३ मध्ये ३१ अमेरिकी महाविद्यालयांचा अभ्यास मांडला. मित्र कॉपी करतात असे ज्यांना वाटे, ती मुले स्वतःही अधिक कॉपी करत. कारण सरळ आहे : सगळेच करतात म्हटले की लाज कमी होते आणि आपण मागे पडू ही भीती वाढते. उलट जिथे विद्यार्थी सचोटीची लेखी हमी देतात, तिथे कॉपी कमी आढळली. व्हर्जिनिया विद्यापीठात अशी हमी १८४२ पासून आहे.

तेव्हा भाच्याची भक्ती ढोंग समजू नका. कॉपी वाईट हे त्याला घरी कळलेच आहे; वर्गात तो एकटा पडला असावा. त्याला रागावण्याआधी एवढे विचारा : तुझ्या बाकाच्या आसपास कोण कोण स्वतःच्या बळावर पेपर लिहितात? त्यांच्याशी त्याची मैत्री जुळली, तर घरच्या वळणाला वर्गातही आधार मिळेल.