परमुलखाच्या दारावर

सुरतेला जकातीची झडती नवीन नाही. 1666 साली थेवेनो हा फ्रेंच प्रवासी येथे उतरला, तेव्हा मोगल जकातघरात उतारूंची झडती किती कसून घेत, हे त्याने लिहून ठेवले आहे. आज सुरतेचे हिरेवाले व कापडवाले परमुलखाच्या नाक्यांवर उभे राहतात.

आमच्याकडे इंग्रजी कागद वाचून घेण्यास येणाऱ्या मंडळींचा एक समज पक्का असतो: व्हिसा मिळाला म्हणजे प्रवेश मिळाला. अमेरिकेचेच पाहू. तेथला व्हिसा म्हणजे दारापर्यंत जाऊन विचारण्याची मुभा. आत घ्यावयाचे की नाही व किती दिवस, हे विमानतळावरील अधिकारी ठरवितो.

का आलात, या प्रश्नाचे उत्तर आखूड व खरे असावे. बी-1 व्हिसावर सौदा ठरविता येतो, मागणी नोंदविता येते. तेथल्या पेढीत बसून पगारावर हिरे निवडता येत नाहीत. ‘फिरायला आलो’ म्हणावे आणि पिशवीतून नमुन्यांची पुडकी निघावीत, यासारखे वाईट दुसरे नाही. खोटे सांगणाऱ्यावर कायमची बंदी येऊ शकते. प्रदर्शनात मांडून परत आणावयाच्या मालासाठी एटीए कार्ने ही पुस्तिका असते. आपल्याकडे ती फिक्की ही व्यापारी संस्था देते. जाताना व येताना तिच्यावर आपल्या कस्टमचा शिक्का घ्यावा. पैलू न पाडलेल्या हिऱ्यास किंबर्ली प्रमाणपत्र निराळे लागते.

अधिक चौकशीसाठी बाजूच्या खोलीत नेले तर घाबरू नये. ती शिक्षा नव्हे. मोबाइल तपासला जाईल, कदाचित काढूनही घेतला जाईल. म्हणून यजमान पेढीचा व घरचा क्रमांक कागदावर असावा. (आमच्या वडिलांच्या पिढीस हे सांगावे लागले नसते.) इंग्रजी अडखळत असेल तर दुभाषा मागावा, न समजलेल्या जबानीवर सही करू नये. परत पाठविण्याचेच ठरत असेल, तर प्रवेशाचा अर्ज मागे घेण्याची मुभा मागून पाहावी. ती देणे अधिकाऱ्याच्या मर्जीवर आहे. पण तडकाफडकी हद्दपारीचा हुकूम निघाल्यास सामान्यतः 5 वर्षे दार बंद होते, माघारीने तसे होत नाही.

अटक झालीच, तर 1963 च्या व्हिएन्ना कराराप्रमाणे आपल्या वकिलातीस कळवा असे म्हणण्याचा हक्क आहे. हे एक वाक्य आम्ही सर्वांकडून इंग्रजीत पाठ करून घेतो.