दाण्याचं कूट कधी द्यायचं?

उष्टावण झालं आणि तुझा प्रश्न आलाच! सासूबाई म्हणतात दाणे पित्तकर, ग्रुपवर कुणी टाकलंय की तीन वर्षं थांबा. अगं, हा तीन वर्षांचा आकडा आला कुठून ठाऊक आहे? २००० साली अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं अ‍ॅलर्जीचा धोका असलेल्या मुलांसाठी तो सांगितला होता. मंडळी मोठी होती, पण पाठीशी भक्कम पुरावा नव्हता. त्रास देणारी गोष्ट लांब ठेवा, एवढाच तर्क. २००८ मध्ये त्यांनीच तो सल्ला मागे घेतला.

त्याच वर्षी लंडनच्या गिडिअन लॅक या डॉक्टरांच्या गटाला दिसलं की इस्रायलमधल्या ज्यू मुलांपेक्षा ब्रिटनमधल्या ज्यू मुलांत दाण्यांची अ‍ॅलर्जी जवळपास दहापट आहे. इस्रायलमध्ये तान्ही बाळंसुद्धा दाण्यांचे कुरकुरे खातात. आपण इथेच म्हटलं असतं, बघ, सिद्ध झालं! पण दोन देशांत हवा वेगळी, खाणं वेगळं, फरक कशामुळे पडला कोण सांगणार? म्हणून त्यांनी ४ ते ११ महिन्यांची ६४० बाळं घेतली आणि चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट केले. एकाला दाण्याचे पदार्थ नेमानं, दुसऱ्याला पाच वर्षांचं होईपर्यंत अजिबात नाही. २०१५ मध्ये निकाल आला: न खाणाऱ्यांत शंभरातल्या सुमारे १७ जणांना अ‍ॅलर्जी, खाणाऱ्यांत ३ जणांना.

माझा भरवसा त्या चिठ्ठ्यांवर आहे. निवड आईबापांवर सोडली असती, तर ज्यांच्या बाळाला आधीच पुरळ उठतंय तेच घाबरून दाणे टाळणार. मग टाळण्यामुळे अ‍ॅलर्जी झाली, की अ‍ॅलर्जीच्या धास्तीनं टाळलं, हे कळणारच नाही. शेजारच्या काकूंचं ‘आमच्याला काही झालं नाही’ ऐकून घे, पण ते एकच मूल, तुलना करणार कुणाशी?

आणि बाळं कुणाची होती, तेही विचारायचं. ही सगळी तीव्र एक्झिमा किंवा अंड्याची अ‍ॅलर्जी असलेली होती. चाचणीत त्वचेवर मोठी गांधी उठलेल्यांना तर घेतलंच नव्हतं. तेव्हा तुझ्या जावेच्या लेकाला एक्झिमा आहे ना, तिला म्हणावं, आधी डॉक्टरांना विचार. तुझ्या बाळाला तसं काही नाही. नाचणीच्या खिरीत चिमूटभर अगदी बारीक कूट घाल, पातळ कर. अख्खा दाणा मात्र पाच वर्षांपर्यंत हाती देऊ नकोस, घशात अडकतो.