अण्णांच्या ट्रंकेची कडी

चि. छकुलीस,


तुझ्या आईचा फोन आला होता. अण्णांची काळी पत्र्याची ट्रंक तू माळ्यावरून उतरवलीस, तिला पिवळा रंग दिलास आणि मुलांच्या सोंगांचे कपडे तिच्यात भरलेस, एवढंच वहिनी सांगत्या तर आत्या हरखून गेली असती. पण पुढे त्या हसत हसत म्हणाल्या, "धाकटी लपाछपीत त्यातच जाऊन बसते आणि थोरला वरून झाकण लावतो." वहिनींना गंमत वाटली. आत्याचा मात्र रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही.

त्या ट्रंकेची खोड आपल्या घरात कोणाला माहीत नाही? झाकण जोरात आपटलं की पुढची लोंबती कडी आपोआप कोयंड्यात जाऊन बसते. अण्णांना त्याचं कोण कौतुक! बाहेरून एका बोटाने ती निघते. आतून मात्र कितीही ढकललं तरी कोयंडा कडीला वर येऊ देत नाही. कुलूप नसलं तरी पेटी बंद ती बंदच. चार-पाच वर्षांच्या पोरीला ते काय कळणार, आणि पत्र्याच्या आतून तिचा आवाज तरी कितीसा बाहेर येणार?

आत्या उगाच घाबरते असं म्हणशील. मग अमेरिकेतली गोष्ट ऐक. व्हर्जिनियातल्या लेन कंपनीच्या सीडर लाकडाच्या पेट्या तिकडे घरोघरी असत. मुलीच्या लग्नाचे कपडेलत्ते त्यांत साठवायचे. १९१२ ते १९८७ या काळात बनलेल्या या पेट्यांचं कुलूप झाकण पडताच आपोआप लागायचं. खेळता खेळता आत शिरलेली मुलं गुदमरून गेली, तेव्हा १९९६ साली सुमारे १ कोटी २० लाख पेट्यांची कुलपं फुकट बदलून देण्याचं जाहीर झालं. पण आजीची पेटी नातीकडे जाते, कंपनीची सूचना काही तिच्यामागून जात नाही. २०१४ साली मॅसॅच्युसेट्समध्ये अशाच एका जुन्या पेटीत बहीणभाऊ दगावले. टाकून दिलेल्या फ्रिजमध्येही मुलं अशीच अडकत, म्हणून तिथे १९५६ साली कायदाच झाला, की फ्रिजचं दार आतून ढकलून उघडता आलं पाहिजे. इंजिनिअर झालेल्या मुलीला हे आत्याने सांगायचं का गं?

तेव्हा आधी कडी काढ. सुतळीने बांधून ठेवलीस तर पोरं सुतळी सोडतील. एखाद्या पत्रेवाल्याला बोलावून रिबिटी उडवून घे. खरं तर बिजागऱ्या काढून झाकणच वेगळं कर, कारण आत डोकावणाऱ्या मुलाच्या मानेवर तेवढं वजन पडलं तरी पुरे. उघड्या कडांना रबरी पट्टी लावलीस की झालं.

रंगाचंही विचारायचं होतं. आपल्याकडे घरगुती रंगांत शिसं दशलक्ष भागांत ९० पेक्षा जास्त नको, हा नियम २०१६ साली आला आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. अण्णांचा काळा रंग त्याच्या कितीतरी आधीचा. तो कोरडाच घासला असशील तर खोलीतली फरशी ओल्या फडक्याने पुन्हा पुन्हा पूस. डांबरगोळ्या तर अजिबात नकोत. काही मुलांच्या रक्तात जी-सिक्स-पी-डी नावाचं विकर जन्मतःच कमी असतं, आणि त्यांना या गोळ्यांमुळे कावीळ होऊन रक्त झपाट्याने कमी होऊ शकतं. कपड्यांना अधूनमधून ऊन दाखव, तेवढं पुरतं. गळ्याशी नाडी किंवा ओढणीची गाठ नको, वेल्क्रो शिव. आणि कडीचं उद्यावर टाकू नकोस.

फार बोलली का आत्या? तुझी कल्पना वाईट आहे असं तिचं म्हणणंच नाही. उलट तिच्या हातून जे झालं नाही ते तू केलंस. शाळेच्या स्नेहसंमेलनात तुझ्या आतेभावाला, दादाला, शिवाजी व्हायचं होतं. आत्याच्या लग्नातला जरीचा शेला त्याने किती मागितला! "खराब होईल," म्हणून तिने पेटीची किल्ली कनवटीची काढली नाही. पोराने खांद्यावर आंघोळीचा टॉवेल टाकून रायगड गाजवला. पुढे पेटी उघडली तर शेल्याला कसर लागलेली, आणि घडीघडीवर जर तुटलेली. दादा आता पन्नाशीला आला. त्याला शेला आठवतही नसेल, पण आत्याला तो टॉवेल दिसतो, निळ्या पट्ट्यांचा.

म्हणून तुझ्या पोरांना मनसोक्त नटू दे. फाटलं तर फाटलं. आत्याच्या कपाटात दोन जुन्या इरकली पडून आहेत. नऊवारी लहान करून शिवायला शेजारच्या शिंपीणबाई तयार आहेत. धाकटीला हिरवी आवडेल की डाळिंबी, हे तिलाच विचार, तू ठरवू नकोस. तू लहानपणी नेसायचीस तेव्हा पदर तोंडात धरून चालायचीस, तीही तशीच चालते का?

वहिनींना नमस्कार, पोरांना पापे.

तुझी आत्या

ता. क. थोरल्याच्या डोक्याचा घेर दोऱ्याने मोजून कळव. फेटा बांधलेलाच पाठवते आत्या, म्हणजे सकाळच्या घाईत तुझी धांदल नको.