हलगी, यंत्र आणि लय

कुस्तीच्या मैदानात हलगी कडाडू लागली की कोल्हापूरच्या माणसाचे पाय आपोआप तिकडे वळतात. शाहू महाराजांनी उभारलेल्या खासबाग मैदानात हा आवाज ऐकला नाही असा विद्यार्थी आपल्या महाविद्यालयात विरळाच. हाच आवाज 'सॅम्पलर' नावाच्या यंत्रात साठवून त्यावर ठेका बसवण्याचा उद्योग मी गेल्या वर्षी केला. त्यात लयीविषयी जे शिकलो, ते मित्रांपुढे मांडण्याचा हा अल्पसा प्रयत्न.

सॅम्पलर म्हणजे ध्वनीचा तुकडा साठवून, बोटाने पॅड दाबताच तो पुन्हा वाजवणारे यंत्र. अमेरिकन अभियंता रॉजर लिन यांनी अकाई या जपानी कंपनीसाठी रचलेले 'एमपीसी ६०' हे १९८८ साली बाजारात आले. त्यावर रबराचे सोळा पॅड होते. माझ्याकडे याच कुळातले एक जुने, हातबदल झालेले यंत्र आहे.

आमच्या पेठेतल्या एका वृद्ध हलगीवादकांना आम्ही सारे तात्या म्हणतो. त्यांचा हात आता थकला आहे. नातू हलगी शिकतो आहे. त्याच्या सरावासाठी तात्यांचा ठेका शिल्लक राहावा, हा आमचा हेतू होता.

हलगी शेकोटीवर तापवून घेतली आणि तिचे निरनिराळे आघात एकेक करून साठवले. हे काम एकाच बैठकीत उरकावे, कारण कातडे थंड होताच सैल पडते आणि आवाज उतरतो.

त्यानंतर लय ठरवण्याचा प्रश्न आला. यंत्र लय मोजते ती मिनिटाला किती मात्रा या हिशेबाने. मिनिटाला १२० मात्रा असतील तर एक मात्रा अर्ध्या सेकंदाची व आठ मात्रांचे आवर्तन चार सेकंदांचे. आकडा आधी मनाने ठरवू नये. ठेका तोंडाने म्हणत बोटाने चार-सहा वेळा ठोके द्यावेत. यंत्र त्यावरून आकडा काढते. मग एक आवर्तन नुसती टिकटिक ऐकून समेवर सुरुवात करावी.

येथे एक भेद ध्यानात घ्यावा. सुटे आघात पॅडवर वाजवले तर यंत्र केवळ 'कोणता आघात केव्हा' एवढेच टिपते. त्यामुळे सराव संथ लयीत करून नंतर लय वाढवली तरी आवाज बदलत नाही. परंतु सबंध आवर्तनच ध्वनिरूपाने साठवले, तर जुनी तबकडी जोरात फिरवल्यासारखे होते: लय वाढते तसा स्वरही चढतो. ९६ च्या लयीतला तुकडा १०० वर नेला, तर स्वर जवळजवळ पाऊण श्रुतीने नव्हे, पाऊण अर्धस्वराने वर जातो. स्वर न बदलता तुकडा ताणण्याची सोय काही यंत्रांत असते, पण फार ताणल्यास हलगीचा कडकडाट बोथट होतो.

तुकडा कापतानाही दक्षता हवी. शेवटी २० सहस्रांश सेकंद जास्त राहिले आणि तुकडा आपोआप फिरत राहिला, तर सोळा आवर्तनांत ३२० सहस्रांशांची चूक साचते. १२० च्या लयीत ही अर्ध्या मात्रेहून अधिक झाली. यास्तव प्रत्येक समेवर तुकडा नव्याने सुरू करावा.

हे सर्व नियम पाळून मी १२० च्या लयीत ठेका बसवला. 'क्वांटाइझ' करून प्रत्येक आघात नेमक्या घरात नेला आणि मोठ्या अभिमानाने तात्यांना ऐकवला. ते थोडा वेळ ऐकून म्हणाले, "पोरा, ही हलगी न्हवं, घड्याळ हाय. ह्यात कुस्ती कुठं हाय?"

मला वाईट वाटले, पण त्यांचे म्हणणे खरे होते. पैलवान नुसते खडाखडी करत असतात तेव्हा हलगी दबून वाजते. डाव लागला की लय चढते. वादकाची नजर आखाड्यावर असते. मी नातवाला ती नजर सोडून टिकटिकीचे बोट धरायला शिकवणार होतो.

मग टिकटिक बंद ठेवून तात्यांना जमेल तेवढे वाजवू दिले व ते जसेच्या तसे टिपले. नंतर प्रत्येक आवर्तनाचा काळ मोजला. पहिले ४.२९ सेकंदांचे होते, म्हणजे लय ११२, शेवटचे ३.४३ सेकंदांचे, म्हणजे १४०. लय सव्वापट झाली होती, आणि तीही एकसारखी नव्हे: मध्ये दोनदा ती थबकली होती. माझ्या यंत्रात ठरावीक आवर्तनावर लय बदलण्याची सोय आहे. तेथे हे आकडे क्रमाने भरले, क्वांटाइझ बंद केले आणि आघात पुन्हा हाताने वाजवले. टिकटिक आता तात्यांच्या मागून चालत होती.

या वेळी त्यांनी शेवटपर्यंत ऐकले. "आता डाव लागला बघ," एवढेच म्हणाले.

टिकटिक निरुपयोगी आहे असे मला म्हणायचे नाही. तिच्याशिवाय लय किती चढली हे मला कळलेच नसते. मात्र प्रथम वादकाची लय मोजावी आणि मग यंत्राला आकडा द्यावा, हा क्रम मी उलटा धरला होता.

नातू आता रोज त्या ठेक्यावर सराव करतो. तात्यांची अट एकच आहे: आठवड्यातून एकदा यंत्र घरी ठेवायचे आणि तालमीत कुस्ती पाहत वाजवायचे.