आधी शॉप फ्लोअर, मग शेड्यूल

काल फोनवर म्हणालीस, ‘ताई, डिझाइनचा कंटाळा आलाय. प्रोजेक्ट मॅनेजमेंटची ती पीएमपी परीक्षा देते आणि प्रोग्रॅम मॅनेजर होते.’ हो की, जरूर हो. पण परीक्षेची फी भरायची घाई नको. इंजिनिअरिंगची पदवी असली तरी प्रकल्प चालवल्याचा 36 महिन्यांचा अनुभव त्या अर्जात दाखवावा लागतो. तो आधी मिळवायचा कसा, ते बोलू.

आपल्या वडोदऱ्यातच बघ, समाहून हरणी किती जवळ! तिथे टाटा आणि एअरबसचा सी-295 विमानांचा कारखाना आहे. 2021च्या करारात 56 विमानं. 16 स्पेनहून तयार आली, 40 इथे जुळवायची. त्या जुळवणीसाठीचं, भाग जागेवर धरून ठेवणारं एक फिक्स्चर वेळेवर उभं करणं हा प्रोजेक्ट. सुटे भाग, पुरवठादार, कामगारांचं प्रशिक्षण, तपासण्या हे सगळं वर्षानुवर्षं एकमेकांशी जुळतं ठेवणं हा प्रोग्रॅम. एकाचं अडलं की पुढचे किती जण खोळंबतील, हे ज्याला आधी दिसतं, तो खरा प्रोग्रॅम मॅनेजर.

आपल्या जवळच्या सावली गावातल्या रेल्वे-डब्यांच्या कारखान्याचंच बघ. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडसाठी सहा डब्यांच्या 75 लोकल गाड्या या सावलीच्या कारखान्यात बनल्या. पण त्यांची रचना, टॉयलेटसकट, अपंग प्रवाशांसाठीच्या नियमांत बसेना. तिकडे 2018मध्ये चौकशी झाली, तेव्हा कळलं की अपंगांच्या संघटनांना वेळेत नीट विचारलंच नव्हतं. मग तयार गाड्या पुन्हा उघडून दुरुस्त कराव्या लागल्या. म्हणून ड्रॉइंग फ्रीझ होण्याआधी विचार, ‘अजून कुणाला विचारायचं राहिलंय?’

आता तुझं. वर्षभर तरी प्रॉडक्शन किंवा क्वालिटीत बदली मागून घे. गँट चार्ट ज्याच्या नावाने ओळखला जातो तो हेन्री गँटही मेकॅनिकल इंजिनिअरच होता. कारखान्यातली कामं डोळ्यांखालून घातलेला माणूस. मकरपुऱ्याचा व्हेंडर ‘थई जशे, बेन’ (होऊन जाईल, ताई) म्हणाला की शेड्यूलमध्ये तारीख टाकून मोकळी होऊ नकोस. कच्चा माल आला का, जॉब कोणत्या मशीनवर चढलाय, हे विचार. जमलं तर स्वतः जाऊन बघ. ड्रॉइंगची रिव्हिजन बदलली की जुनी प्रत शॉपमधून काढून घेतली का, तेही बघ.

आणि एक. मीटिंगमध्ये मुलगी म्हणून मिनिट्स लिहायचं काम तुझ्याच गळ्यात पडेल. बिनधास्त घे. कुणी काय कबूल केलं, ते तुझ्याच वहीत राहील. पण नुसतं लिहून देऊ नकोस. कबूल केलेलं झालं का, याचा पाठपुरावाही माझ्याकडेच द्या म्हणून सांग. तिथूनच लोक तुला फोन करायला लागतात.

सोमवारी साहेबांकडे जा. ‘मला प्रोग्रॅम मॅनेजमेंटमध्ये घ्या’ म्हणशील तर ते ‘बघू’ म्हणतील. त्याऐवजी म्हण, ‘एका फिक्स्चरची ऑर्डरपासून डिलिव्हरीपर्यंतची जबाबदारी माझ्याकडे द्या.’ याला नाही म्हणणं त्यांना जड जाईल.